पाठीमागचं पाणी

पौष सरत आला की नाशिकची थंडी दोन प्रकारच्या माणसांना कामाला लावते. एक द्राक्षबागायतदार; ते भल्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवून घडांना ऊब देतात. दुसरे सहलीला जाणारे. ते स्वेटर-कानटोपी घालून घरात बसतात आणि कुठल्या समुद्रात पाय बुडवायचे यावर वाद घालतात. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं. काल सकाळी अनंतरावांनी जेवणाच्या टेबलावरच्या बरण्या उचलून ओट्यावर ठेवल्या, टेबल फडक्यानं दोनदा पुसलं आणि त्यावर अंदमानचा नकाशा पसरला. मी चहा गाळत होते. चहा कपाबाहेर गेला.

"मृणालचा मेसेज आलाय," ते म्हणाले. "फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तिकिटं ती काढतेय. बीच आपण निवडायचे."

"पुन्हा तिथेच?"

"मागच्या वेळी दोनच दिवस नीट झाले."

मागच्या वेळेला चार वर्षं झाली. तिसऱ्या दिवसाला आमच्या घरात अजून नाव नाही. 'ते झालं तेव्हा' एवढंच आम्ही म्हणतो, तेही पाहुण्यांसमोर. तेवढ्यात देवळालीकडून तोफांचा सराव सुरू झाला आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. तीस वर्षं मी त्या काचा ऐकते आहे. पूर्वी मान वर न करता वाचत राहायचे. आता आवाज आला की आधी मागे वळून बघते.

अनंतराव माझे यजमान. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झाले. धरणाचे दरवाजे किती उघडायचे आणि कधी, हे ठरवणाऱ्यांपैकी एक. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पुस्तकं किती घ्यायची हेसुद्धा मला कुणी ठरवू दिलं नाही. मृणाल आमची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरी करते आणि दर दोन-तीन वर्षांनी आई-बापांना कुठेतरी नेऊन आणणं हे आपलं कर्तव्य समजते.

चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा मला वासासकट आठवतो. तिळाच्या कुटाचा वास, बाजारात नुकत्या आलेल्या आंबट द्राक्षांचा, आणि अनंतरावांच्या नव्या कोऱ्या फाइलचा. सुरुवात एका पर्यटन मेळाव्यापासून झाली. सभागृहाच्या दारात थर्माकोलचं नारळाचं झाड उभं होतं, त्याच्या बुंध्याशी बांधकामाची वाळू ओतली होती आणि त्या वाळूत पाय न बुडवता जाण्यासाठी गालिचा अंथरला होता. दीपप्रज्वलन झालं. प्रमुख पाहुण्यांनी समुद्राबद्दल बोलताना 'निसर्गाच्या कुशीत' असं नऊ वेळा म्हटलं. मग पडद्यावर निळं पाणी आलं. एकामागून एक किनारे, सगळे रिकामे, सगळ्यांवर एकच पांढरी खुर्ची. सभागृहातले दोनशे नाशिककर मफलरी आवळून त्या खुर्चीकडे बघत होते. मला मात्र ती खुर्ची बघून कसंसं झालं. तिच्यावरचं माणूस कुठे गेलं, असं मनात आलं. शेजारी बसलेल्या अनंतरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तू कादंबऱ्या कमी वाच."

घरी आल्यावर त्यांनी तक्ता केला. अकरा किनारे, आठ रकाने: दिशा, उतार, तळ, सावली, गर्दी, शौचालय, नारळपाणी, शेरा. शंभरपैकी गुण. एका बिचाऱ्या किनाऱ्याचे चार गुण गेले, कारण फोटोत वाळूवर कुत्रं झोपलं होतं.

"बाबा, हा बीच आहे, टेंडर नाही," मृणाल फोनवर हसत होती.

"तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय मी पस्तीस वर्षांत साधा पाइप घेतलेला नाही."

"आणि आईचं मत? आई, तुला कुठला हवाय?"

"ज्याच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही तो."

"असा एकच आहे," अनंतराव म्हणाले, "आणि तिथे मगरी आहेत."

सगळ्यात जास्त गुण मिळाले ते एका अगदी सपाट किनाऱ्याला. उताराला त्याला पैकीच्या पैकी. लहान मूलसुद्धा कंबरभर पाण्यात जायला अर्धा तास चालेल, असं कुठेतरी लिहिलं होतं. त्या सपाटपणाला भ्यायला हवं, हे आम्हाला सुचलं नाही. सुचावं कसं? आम्ही नदीकाठची माणसं.

नाशिककर पाणी नदीवर शिकतो. आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो आणि तिच्या कुंडात साखळी धरून डुबकी मारतो. पोहायला शिकावं असं आमच्यातल्या फार थोड्यांना वाटतं. पूर मोजायला आम्हाला फूटपट्टी लागत नाही. घाटाजवळ पात्रात तो उंच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, असं सगळं गाव बोलतं. आणि पावसाळ्यात आमच्या घरात त्या बोलण्याला सरकारी आवाज होता. अनंतराव पूरड्यूटीवर असले की फोनवर तेवढंच सांगत: "कमरेला. हो. अजून सोडतोय. बाजारपेठेला कळवलंय." मी खिचडी ढवळत ऐकायचे. त्या आवाजानं मला कधी भीती वाटली नाही, उलट धीर यायचा. आमच्या समजुतीप्रमाणे पाणी आधी कागदावर यायचं, मग भोंगा वाजायचा, मग ते वरच्या अंगानं दिसायचं, आणि मग घाटावरच्या दुकानदारांना माल उचलायला पुरेसा वेळ देऊन ते पोहोचायचं. काठ नेहमी आपल्या पाठीशी असतो आणि काठ नेहमी उंच असतो.

माझी स्वतःची पाण्याची भीती त्याहून जुनी आहे. माझं माहेर कळवणचं. मळ्यातल्या विहिरीत पारवे राहायचे आणि वाकून बघितलं की खालून गार, हिरवट वास तोंडावर यायचा. मी वाकले की वडील मागून येऊन फ्रॉकचा पट्टा घट्ट धरायचे. बोलायचे नाहीत, फक्त धरायचे. त्यामुळे भीती म्हणजे पाठीवर कुणीतरी घट्ट धरलेलं असणं, असं माझ्या डोक्यात बसलं. धरलेलं नसताना ती कशी असते ते मला साठी जवळ आल्यावर कळलं.

त्या सपाट किनाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. त्याचा काही दोष नव्हता. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र लांबवर मागे गेला होता. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांच्या रांगोळ्या घातल्या होत्या. दीडशे पावलांवर वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडला होता, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. मधे घोट्याएवढं पाणी, गरम, स्वच्छ. मृणाल झाडाच्या आडव्या बुंध्यावर बसली होती. "तुम्ही व्हा पुढे, मी एक कॉल संपवून येते."

आम्ही चपला हातात घेऊन त्या उंचवट्यावर गेलो. अनंतरावांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून आणलं होतं; ते बरोबर होतं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवते. त्यांनी समुद्राच्या बाजूला, पाण्यापासून चार हात वर, मिटलेली छत्री वाळूत रोवली. "पाणी छत्रीला टेकलं की उठायचं. तोपर्यंत निवांत." आम्ही टॉवेल पसरून समुद्राकडे तोंड करून बसलो. संक्रांतीच्या उरलेल्या गूळपोळ्या खाल्ल्या. समोर इतका निळा रंग होता की मला त्या मेळाव्यातल्या पडद्याची क्षमा मागावीशी वाटली. अनंतराव मधूनमधून छत्रीकडे बघत आणि समाधानानं म्हणत, "अजून दोन हात आहे." तास गेला असेल, कदाचित दीड.

मग पाठीमागून पाटाचा आवाज आला. कोरड्या पाटाला पाणी सोडल्यावर येतो तसा, घाईचा, बारीक.

मी वळून बघितलं. आम्ही चालत आलो ती वाट नव्हती. तिथे एक नदी वाहत होती, आडवी, डावीकडून उजवीकडे, रुंद. समोरचं पाणी अजून छत्रीला टेकलेलं नव्हतं. ज्या बाजूला उंच काठ आहे असं आम्ही धरून चाललो होतो ती बाजू सगळ्यात खोल होती.

"अहो."

ते उठले, उतरले, दोन पावलं गेले. पाणी मांडीला आलं आणि त्यांची एक चप्पल हातातून सुटून इतक्या वेगानं निघून गेली की आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. ते मागे सरले. "ओढ आहे," म्हणाले. आवाज पूरड्यूटीचाच होता, पण पलीकडे फोनवर कुणी नव्हतं. माझे पाय गार पडले होते. वाळू मात्र तापलेली होती. उंचवट्याची दोन्ही टोकं बुडत चालली होती आणि ती बुडताना काहीही आवाज होत नव्हता.

तेव्हा मृणालनं मान वर केली.

इथे मला जपून लिहायला हवं. मी हात वर केला आणि तिला बोलावलं. तळवा खाली, बोटं माझ्याकडे. ती लहान असताना अंगणातून घरात बोलवायचे तशी. ये. इकडे ये. तोंडानंही म्हणाले, शब्द वाऱ्यानं नेले, हात राहिला. मला पोहता येत नाही, तिला सोसायटीच्या तलावात चार फेऱ्या मारता येतात, असा विचार करून मी तिला बोलावलं असतं तर त्याला निदान विचार म्हणता आलं असतं. मी काही विचार केला नाही. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्यावर मला माझी मुलगी जवळ हवी होती. एवढंच.

तिनं फोन वाळूत टाकला आणि पाण्यात शिरली.

"गुडघ्याला," अनंतराव म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "कमरेला." मी हात खाली केला नव्हता. तो खाली येईना. "छातीला." पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मृणालचे पाय सुटले आणि ती आडवी, उजवीकडे, चपलेच्या वाटेनं जाऊ लागली. डोकं दिसलं, दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं तेव्हा भलतीकडेच होतं. मला आठवतं की मी त्या वेळी तिचं नावसुद्धा घेतलं नाही. घशातून काहीतरी आवाज येत होता आणि तो माझा आहे हे मला उशिरा समजलं.

उजवीकडच्या झाडीतून एक लुंगीवाला म्हातारा होडी घेऊन आधीच निघालेला होता. त्यानं आम्हाला केव्हाच बघितलं असणार. रोज कुणीतरी आमच्यासारखं तिथे बसत असणार. त्यानं मृणालला दंडाला धरून, भाजीचं पोतं चढवावं तसं, होडीत ओढून घेतलं. मग आमच्याकडे आला. अनंतरावांनी छत्री उपटून बरोबर घेतली, का कोण जाणे. म्हातारा रागावला नाही. वल्हं मारत त्यांच्याकडे बघून म्हणाला, "बाबूजी, इधर दरिया सामने से नहीं आता. पीछे से आता है."

मृणाल खारं पाणी ओकत होती. तिचे ओठ निळे होते. अनंतराव तिची पाठ चोळत होते आणि मी होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघत होते. फार लक्ष देऊन बघत होते. मग तिचा आवाज आला, बसलेला, फाटका: "बाबा, आई हातानं मागे जा, मागे जा करत होती. मीच ऐकलं नाही."

मी ओंजळीनं होडीतलं पाणी बाहेर टाकायला लागले.

आम्ही परतलो तेव्हा हळदीकुंकवाचे दिवस होते. रथसप्तमीपर्यंत नाशिकमध्ये बायका घरोघरी जातात आणि बातमी त्यांच्या आधी पोहोचते. मी जन्मभर शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांची टिंगल केली आहे. ग्रंथपालांच्या सत्कारात न वाचलेल्या पुस्तकांवर भाषणं ऐकली आहेत आणि मागच्या रांगेत बसून हसले आहे. त्या आठवड्यात मी पुढच्या रांगेत होते. शेजारणींनी माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी बघितलं. कळवणहून माझी मावशी आली होती, तिनं सगळ्यांसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"लय धीराची बाई हाय तू," ती म्हणाली. "सोताच्या नाकातोंडात पानी जायची येळ, आन पोरीला मागं हाकललं. आमच्यानं नाय झालं असतं गं बाई."

"मावशी, तिळगूळ घे."

"घेते की. पन हे पोरीला सांगत जा, आईचं काळीज काय असतं."

मी तिला वाण दिलं, हळदकुंकू लावलं. कुंकू तिच्या कपाळावर जरा तिरकं लागलं, त्याचंही कौतुक झालं. त्या दिवसांत मला समुद्राची भीती वाटत नव्हती. मला मृणालची वाटत होती. एखाद्या दिवशी ती अर्ध्या वाक्यात थांबेल, तो हात तिला नीट आठवेल आणि बोटं कुणीकडे वळलेली होती ते तिच्या लक्षात येईल. फोनवर ती जरा गप्प झाली की 'काय गं?' असं मी इतक्यांदा विचारायचे की शेवटी ती वैतागायची.

अनंतराव याबद्दल एकदाच बोलले. पावसाळा होता, आम्ही रिक्षानं पुलावरून जात होतो. खाली मारुतीच्या कमरेला पाणी होतं आणि लोक कठड्याला टेकून फोटो काढत होते. ते दुसरीकडे बघत म्हणाले, "मी तिला थांब म्हणालो नाही. नुसता मोजत बसलो." मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांच्या मांडीवर हात ठेवला, आणि तो समजूतदारपणा समजून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. रिक्षा पुढे गेली.

कालच्या तक्त्यात नऊ रकाने आहेत. नववा त्यांनी लाल पेननं आखला आहे: 'पाठीमागे पाणी – होय / नाही'. चार वर्षांत ते एवढंच शिकले असं वाटून मला हसू आलं, आणि लगेच लक्षात आलं की मी तेवढंही शिकलेले नाही. नऊ किनाऱ्यांपैकी सहांपुढे 'नाही' आहे. माझ्या डोळ्यांना सगळ्यांपुढे 'होय' दिसतं.

आज दुपारी मृणालचा फोन आला. मी गच्चीत उन्हाला बसले होते.

"झाली का निवड? बाबांनी कुणाला नापास केलं?"

"मृणाल, मी काठावरच बसणार आहे."

"बस की. तुला कोण ढकलतंय पाण्यात?"

"त्या दिवशी मी तुला मागे जा म्हणत नव्हते," मी म्हणाले. कशी म्हणाले ते मला माहीत नाही. कदाचित तिकिटं निघणार होती म्हणून. "मी तुला बोलावत होते."

तिच्या बाजूला टाइप केल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"माहीत आहे गं," ती म्हणाली. "म्हणून तर आले."

खाली रस्त्यावर भाजीवाला मेथी म्हणून ओरडत होता. तो कोपऱ्यावरून वळला.

"मग सगळ्यांना उलटं का सांगितलंस?"

"तू होडीत माझ्याकडे बघतच नव्हतीस. काहीतरी सांगायला हवं होतं ना."

"राग नाही आला माझा?"

"आला की. तेव्हा नाही, पुण्याला गेल्यावर. आठवडाभर तुझे फोन घेतले नव्हते, आठवतं? तू सगळ्यांना सांगत होतीस, पोरीला खूप काम आहे." ती जराशी हसली. "मग गेला राग. पूर्ण नाही गेला. पण गेला."

"आणि पुन्हा बोलावलं तर?"

"आई, मला मीटिंग आहे. तू बीच निवड."

उत्तर तिनं दिलं नाही, पण मला ते कळलं, आणि त्यानं मला जेवढी भीती वाटली तेवढी त्या वाळूवर उभी असतानाही वाटली नव्हती. ती येईल. राग येऊनही येईल. मी नुसता हात वर करायचा अवकाश.

मी खाली आले. अनंतराव चष्मा लावून सातव्या किनाऱ्याच्या शौचालयाची चौकशी करत होते. मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि एका किनाऱ्याभोवती गोल काढला. त्याला एकसष्ट गुण आहेत, उतार वाईट आहे, नारळपाणी नाही. पण फोटोत झाडं अगदी पाण्याशी आहेत आणि तिथे बसलेल्या माणसाला पाण्यातली सगळी माणसं दिसतील.

"हा? हा तर आठवा आहे."

"असू दे. तुम्ही दोघं पाण्यात जा. मी काठावर बसेन. काही झालं तर मला हाक मारायची."

"तुला?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुला पोहता येत नाही."

"तरी मलाच मारायची."

त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात, खात्याच्या सवयीच्या नेटक्या अक्षरात, माझं नाव लिहिलं.

जायला तीन आठवडे आहेत. हाक आली तर माझे पाय उठतील की वाळूतच राहतील, हे मला अजून माहीत नाही.